चढले किती, फुटले किती

"चढले किती?"

हे विचारताना आमचे मास्तर कधी तुमच्या तोंडाकडे बघायचे नाहीत. उजव्या हातात तिकिटाला भोक पाडायचा जुना चिमटा, डाव्या हातात पुठ्ठ्याची दोन कार्डं, आणि मान वर आभाळाकडे. भैरवनाथाच्या छबिन्याला, म्हणजे यात्रेतल्या रात्रीच्या पालखीला, अख्खं गाव तोंड वासून दारूकाम बघतंय आणि हा माणूस आपला ओठातल्या ओठात मोजतोय. औट नळीतून सुटला की एका कार्डावर टक्. वर जाऊन फुटला की दुसऱ्या कार्डावर टक्. रंग कोणता होता म्हणून विचारलं तर सांगता यायचं नाही. "लाल असंल न्हाईतर हिरवा असंल," म्हणायचे, "मला काय त्याची साडी शिवायचीय?"

औट म्हणजे नळीतून वर जाऊन आभाळात फुटणारा गोळा, हे तुम्हाला ठाऊक असेलच. कागद, खळ, सुतळी आणि मसाला. सगळं हातानं. मसाला कसा करतात ते मात्र विचारू नका. मोबाईलवर रोज कुणी ना कुणी विचारतो, "भाऊ, प्रमाण सांगा ना." मी सांगत नाही. त्याला परवाना लागतो आणि अक्कल लागते, आणि दोन्ही मोबाईलवर मिळत नाहीत. असो. माझं डोकं जरा लवकर तापतं, ते पुढं कळेलच.

आमच्याकडे एस.टी.च्या कंडक्टरला मास्तर म्हणतात. आमच्या मास्तरांनी तीस वर्षं नगर-पाथर्डी रस्त्यावर तिकिटं फाडली आणि मग निवृत्त होऊन पारनेर तालुक्यातल्या आमच्या गावी कायमचे राहायला आले. दारूकाम त्यांच्या घरातलंच. परवाना आधी थोरल्या भावाच्या नावावर होता, भाऊ गेल्यावर यांच्या नावावर झाला. गावाबाहेर माळावर विटांची एक खोली, भोवती तारेचं कुंपण, पाण्यानं भरलेले चार ड्रम आणि फाटकावर लाल अक्षरात 'विडीकाडी बाहेर ठेवा'. तिथं वर्षाकाठी आमच्या यात्रेचं आणि आजूबाजूच्या दोन-तीन गावांचं काम व्हायचं. धंदा म्हणावा असं काही नव्हतं, हौसच म्हणायची. त्या हौसेपायी आम्ही सात-आठ जण त्यांच्याभोवती गोळा झालो होतो. मी सुप्याच्या एम.आय.डी.सी.त फिटर. रहीमभाई गावातले शिंपी, त्यांच्या वडिलांचे बाण पंचक्रोशीत नावाजलेले. बाकीच्यात कुणी डेअरीत, कुणी शाळेत शिपाई.

मोजायची सवय मास्तरांना नोकरीनं लावली की दारूकामानं, हे आम्हाला बरीच वर्षं कळलं नव्हतं. लग्नाच्या पंगतीत बसले तरी आधी पानं मोजणार. काकू, म्हणजे त्यांची बायको, करवादायच्या, "अवो, भाकरी तरी न मोजता खा." एकदा ऊसतोडीला निघालेल्या माणसांनी गच्च भरलेली गाडी त्यांनी ढाब्यापासून कोसभर पुढे गेल्यावर थांबवली आणि ड्रायव्हरला माघारी फिरवायला लावली, कारण मोजणीत एक डोकं कमी भरत होतं. सगळ्या गाडीनं त्यांना शिव्या घातल्या. ढाब्यामागच्या बाजेवर एक म्हातारा फेटा तोंडावर घेऊन ढाराढूर झोपलेला सापडला. त्याला उठवून आणला, तर तोच उलटा ओरडायला लागला की मला का उठवलं म्हणून. ही गोष्ट मास्तर फार आनंदानं सांगायचे.

औटांशीही ते प्रवाशांशी बोलावं तसं बोलायचे. नळीत औट सोडताना हलक्या आवाजात, "चला, पुढं सरका." एखादा औट खालीच फुटला तर, "ह्यो मधल्याच स्टॉपला उतरला." त्यांच्या डाव्या हाताला करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट नव्हतं. आम्ही नवे असताना विचारलं की दर वेळी नवं उत्तर. कधी म्हणायचे गाडीच्या दारात सापडली, कधी म्हणायचे रिटायर होताना डेपोत जमा केली, पावती हाय माझ्याकडं. पुढं आम्ही विचारायचंच सोडून दिलं.

छबिन्याच्या दुसऱ्या दिवशी गावात हगामा, म्हणजे कुस्त्या. कुस्त्या उरकल्या की आम्ही दारूकामाचे लोक माळावरच्या लिंबाखाली जमायचो. मास्तरांनी या बैठकीला नाव दिलं होतं, फुसक्यांची बैठक. नियम एकच. कुणी आपली वाहवा करायची नाही. ज्याचं जे बिघडलं असेल ते त्यानं सगळ्यांसमोर सांगायचं. वात विझली, कागद सैल बसला, नळी कलली, जे असेल ते. कुणी सुरुवातच "माझा तो जांभळा काय उमलला" अशी केली, की मास्तर हात वर करायचे. "फुटल्यालं समद्या गावानं बघितलंय. न फुटल्यालं सांग."

आता आमच्यासारख्या हौशी लोकांचा मोबाईलवर एक ग्रुप आहे. पार संगमनेरपासूनची माणसं त्यात आहेत. रोज चार व्हिडिओ येतात, सगळे फुटलेले, सगळ्यांना अंगठे. न फुटलेला एकही पठ्ठ्या टाकत नाही. तेव्हा मला मास्तरांचा तो वर केलेला हात आठवतो.

आणखी एक नियम होता, तो तर लोखंडी. छबिना संपला की दोन्ही कार्डांवरची भोकं मोजायची. चढलेले आणि फुटलेले सारखे भरले, तर घरी जायचं. एक जरी कमी भरला, तर पहाटे उजेड फुटायच्या आत पाण्याच्या बादल्या घेऊन रान पालथं घालायचं. न फुटलेला औट कुठंतरी पडलेला असतोच, आणि तो मुका असला तरी मेलेला नसतो. कधी एक सापडायला सकाळचे दहा वाजायचे. चहा नाही, विडी नाही. रहीमभाई कंबरेवर हात ठेवून कण्हायचे. मास्तर म्हणायचे, "पॅशिंजर राह्यलाय खाली. घेतल्याशिवाय गाडी हालनार न्हाई."

हे सगळं मला तोंडपाठ होतं. तरी मी जे केलं ते केलं.

त्या वर्षी मी पहिल्यांदा स्वतःच्या हातानं तीन घरांचा औट केला होता. तीन घरांचा म्हणजे एका कवचात तीन लहान गोळे, म्हणून कार्डावर चढतानाच तीन भोकं. वर गेल्यावर एकामागून एक फुटतात, आधी लाल, मग हिरवा, आणि शेवटी चंदेरी पाऊस पाडत मोठा आवाज. आमच्यात तीन घरांचा औट करणं म्हणजे पैलवानानं शेवटच्या कुस्तीला उतरणं. मी दोन महिने शिफ्ट संपवून माळावर जात होतो. कंपनीतल्या साहेबांना कुटुंबासह यात्रेला बोलावलं होतं. नवीनच लग्न झालं होतं, बायको शाळेच्या गच्चीवर बसली होती. माझी छाती नुसती फुगलेली.

औट सुटला. लाल फुटला. हिरवा फुटला. आणि नेमक्या त्याच वेळी पालखीपुढची गर्दी दोरीच्या आत घुसली, म्हणून मास्तर पाठ फिरवून तिकडे धावले. मी एकटा वर बघत राहिलो. तिसरा फुटलाच नाही. काळ्या आभाळात एक ठिपका ओढ्याच्या अंगाला उतरताना मला दिसला, मी तो स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला. पण त्याच क्षणी पलीकडच्या नळीतून रहीमभाईंचा चंदेरी औट जाऊन फुटला, आणि लोकांना वाटलं तो माझाच. टाळ्या. शिट्ट्या. साहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली.

मास्तर परत आले. चिमटा कार्डावर धरून म्हणाले, "तिन्ही फुटले?"

"तिन्ही," मी म्हणालो.

टक्, टक्, टक्.

एवढंच. त्या रात्री दोन्ही कार्डं सारखी भरली आणि सगळे घरी गेले. मी साहेबांना जेवायला घातलं. खरं सांगतो, जेवताना मला त्या ठिपक्याची आठवणसुद्धा झाली नाही. अभिमान डोक्यात गेला की माणूस आंधळा होतो म्हणतात, मला तर जेवणही भरपूर गेलं.

सकाळी सहाला कंपनीची बस. यात्रेची रजा मी आदल्याच दिवशी वापरून टाकली होती. बस गावाबाहेर पडली, ओढ्याचा पूल आला, आणि खिडकीतून मला कांद्याचं रान दिसलं. एका टेम्पोतून कांदे काढायला आलेल्या दहा-बारा बायका उतरत होत्या. एकीच्या हातात किटली होती. दुसरी बांधावर तीन दगड मांडत होती. तिसरी वाफ्यातून वाकून वाकून काटक्याकुटक्या गोळा करत होती.

मला तो ठिपका आठवला. कागद आणि सुतळीचा वाळलेला गोळा. चुलीला लावायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही.

बस पुढे चालली होती. आता माझ्या मनात काय आलं तेही सांगतो, लपवून काय उपयोग. पहिला विचार आला तो असा, की पुढच्या फाट्याला उतरावं, पळत माघारी यावं, गोळा गुपचूप उचलावा आणि ओढ्याच्या डोहात टाकावा. कुणाला कळायचं नाही. मास्तरांना नाही, साहेबांना नाही. पण ड्रायव्हर काही केल्या गाडी थांबवेना. फाटा आला तेव्हा मी दोन किलोमीटर पुढे होतो, आणि दोन किलोमीटर पळायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात चहा होतो.

मी उतरलो आणि पळता पळता फोन लावला.

"मास्तर, दोनच फुटले. तिसरा नाही फुटला."

पलीकडून फक्त, "कुठल्या अंगाला?"

"ओढ्याच्या. कांद्याच्या रानात. तिथं बायका चूल मांडताहेत."

फोन बंद. एक शिवी नाही, एक प्रश्न नाही. मी पळत राहिलो. आयुष्यात इतका लांब रस्ता मी पाहिला नाही. दर पावलाला वाटायचं, आता आवाज येईल, आता येईल.

मी पोचलो तेव्हा सगळ्या बायका लांबच्या बांधाआड ओळीनं बसल्या होत्या. मास्तर बनियन आणि लेंग्यावर सायकल मारत आले होते आणि आल्या आल्या कंडक्टरच्या आवाजात ओरडले होते, गाडी फेल झालीया, समद्यांनी खाली उतरा, सामान ठिवा जाग्यावर. त्या आवाजाला माणसं आपोआप उठतात, विचारत बसत नाहीत. कुरकुर नंतर सुरू झाली. गयाबाई म्हणून त्यांची मुकादम होती, तोंडानं फटकळ. ती म्हणत होती, उन्हाच्या आधी चार वाफे व्हायचे होते, आता खाडा कोण भरून देणार? आणि दूध यायला उशीर झाला म्हणून आधीच चहा राहिलाय.

मास्तरांनी तिला शांतपणे विचारलं, वाफ्यात कागदाचा गोळा दिसला का?

"त्यो व्हय," गयाबाई म्हणाली. "त्यो चुलीत घातलाय की. दूध आलं की पेटवायचा."

दूध उशिरा आलं म्हणून त्या बायका वाचल्या. बाकी कशानं नाही, कुणाच्या शहाणपणानं नाही, माझ्या तर नाहीच नाही. कुणाच्या तरी म्हशीनं त्या दिवशी लवकर पान्हा सोडला असता तर मी आज हे लिहीत बसलो नसतो.

रहीमभाईही बादल्या आणि पोतं घेऊन धापा टाकत आले. मास्तरांनी आम्हा दोघांना बायकांपाशीच थांबवलं. लांबूनच त्या चुलीवर बादलीनं पाणी मारलं, एक, दोन, तीन बादल्या. मग बराच वेळ नुसते उभे राहिले. मग एकटे पुढे गेले, गुडघ्यावर बसले आणि एक एक काटकी बाजूला करायला लागले. म्हातारीचा हात धरून गाडीची पायरी उतरवावी तसा तो गोळा त्यांनी तीन बोटांच्या हातानं उचलला आणि भरलेल्या बादलीत सोडला. बादलीवर ओलं पोतं टाकलं. मग कुठं त्यांनी बनियनला तोंड पुसलं.

लेंग्याच्या खिशातून चिमटा काढून त्यांनी तो बादलीच्या कडेवर दोनदा वाजवला. टण् टण्. डबल घंटी, म्हणजे गाडी निघाली. बायका हसत उठल्या आणि वाफ्यात उतरल्या.

मग ते माझ्याकडे आले. मला वाटलं आता थोबाडीत बसणार, आणि बसली असती तर बरं वाटलं असतं.

"शिफ्ट बुडाली?" त्यांनी विचारलं.

"बुडाली."

"मंग कांदं काढ. बायांचा तासभर गेलाय तुझ्यापायी."

त्या दिवशी मी दुपारपर्यंत गयाबाईच्या हाताखाली कांदे काढले. कंबर मोडली. ती सारखी माझ्यामागे, पात लई मोठी सोडलीस, हे काय कापणं झालं का. माझ्या बोटांना दोन दिवस कांद्याचा वास येत होता. गयाबाईला काय झालं होतं ते मीच सांगितलं, लपवलं नाही. ती विळा खाली ठेवून म्हणाली, आमच्यातल्या चौघी जणी चुलीला टेकून बसत्यात. पुन्हा विळा उचलला आणि कामाला लागली. तिनं शिव्या दिल्या असत्या तरी इतकं लागलं नसतं.

हगामा झाला आणि संध्याकाळच्या आत आम्ही लिंबाखाली जमलो. मी घामाघूम. मनात ठरवलेलं होतं की सगळं सांगायचं आणि मग या माळावर पुन्हा पाय ठेवायचा नाही. मी तोंड उघडणार तोच मास्तरांनी हात वर केला. म्हणाले, आज आधी माझा फुसका.

ते म्हणाले, काल माझ्या हातून चूक झाली. मी पाठ फिरवली, आणि जे मी बघितलं नव्हतं त्याचं भोक मी दुसऱ्याच्या शब्दावर पाडलं. तीस वर्षांत मी न मोजता घंटी दिली नव्हती, ती काल दिली.

मी म्हणालो, मास्तर, खोटं मी बोललो. त्यांनी मला गप्प केलं आणि डावा हात सगळ्यांसमोर धरला. आणि आम्हाला त्या दोन बोटांची खरी गोष्ट ऐकायला मिळाली.

नोकरीला लागून वर्ष झालं होतं. रजा काढून थोरल्या भावाच्या हाताखाली दारूकामाला उभे होते. मास्तरांचा एक औट फुटला नाही. भाऊ मोजायचा. भावानं विचारलं, यांनी सांगितलं फुटला. वाटलं, सकाळी आपणच जाऊन गुपचूप उचलून टाकू, कशाला गावासमोर हसं. सकाळी गेले. एकटे. बादली न घेता, कारण बादली नेली असती तर भावाला कळलं असतं.

"तवापासनं मोजतो," ते म्हणाले. मग माझ्याकडे बघितलं. "तुला बी तसंच वाटलं आसंल. गुपचूप उचलावा."

"वाटलं."

"मंग?"

मी खरं तेच बोललो. म्हणालो, माझा प्रामाणिकपणा नव्हता मास्तर, अंतर होतं. दोन किलोमीटर होते म्हणून फोन केला.

मास्तर हसले. मोठ्यानं, पोट धरून. मग डोळे पुसत म्हणाले, "कशानं का हुईना, केलास ना. मी न्हाई केला. म्हनून तुझी धा हायेत आन् माझी आठ."

मी तिथं सगळ्यांदेखत रडलो. रहीमभाईंनी रुमाल दिला.

मास्तरांनी कालचं फुटलेल्यांचं कार्ड काढलं आणि खळीची वाटी माझ्यापुढे सरकवली. औटाला लावतो त्याच कागदाचा टिकलीएवढा तुकडा फाडून दिला आणि एक भोक बुजवायला सांगितलं. मी ते बुजवलं. फुटलेल्यांचा आकडा चढलेल्यांपेक्षा एकानं कमी झाला, म्हणजे हिशेब बरोबर झाला. मग त्यांनी दुसरं फर्मान काढलं. दोन वर्षं औट करायचा नाही, फक्त शेजारी उभं राहून मोजायचं. मला राग आला होता, तोही सांगतो. एवढा रडलो आणि वर ही शिक्षा? पण त्या दोन वर्षांत मी आभाळ बघायला शिकलो. आवाज झाला म्हणजे फुटला असं नसतं, टाळ्या पडल्या म्हणजे तर नसतंच नसतं. तिसऱ्या वर्षी त्यांनी विचारलं, आता करतोस का औट? मी म्हणालो, करतो, पण मोजणारं कुणी हवं. तर म्हणाले, मी हाय की.

कंपनीतसुद्धा ही गोष्ट माझ्या कामाला आली. मशीन बंद पडलं की मी आधी माझं काय चुकलं ते बोलून टाकतो. नवीन मुलांना वाटतं, हा वेडा आहे. साहेबांनाही त्या चंदेरी औटाचं खरं सांगून टाकलं. ते म्हणाले, अरे, मी तर तो व्हिडिओ सगळ्यांना पाठवलाय. म्हटलं, मग तो रहीमभाईंचा म्हणून पुन्हा पाठवा.

मास्तर गेल्या दिवाळीनंतर गेले. झोपेतच. सकाळी काकू चहा घेऊन गेल्या तर उठले नाहीत. गावातली माणसं ट्रॉलीतून ओढ्याकाठच्या स्मशानात गेली आणि परत येताना माझ्या नकळत मी ट्रॉलीतली डोकी मोजायला लागलो. मग मध्येच थांबलो. रहीमभाई माझ्याकडे बघत होते, तेही मोजत होते.

तेराव्यानंतर काकूंनी मला बोलावून एक डबा दिला. त्यात तो चिमटा, आणि दर वर्षाची दोन-दोन कार्डं सुतळीनं बांधलेली. माझं कार्ड मी शोधून काढलं. टिकली जागच्या जागी होती, खळ सुटली नव्हती. काकू म्हणाल्या, हे सगळं तुझ्याकडं द्यायला त्यांनी दोनदा सांगितलं होतं. त्या माणसानं मला माझ्या बोटांसकट, माझ्या अब्रूसकट वाचवलं, आणि वर आपला चिमटा माझ्या हातात दिला. याची फेड करायची कशी, हे मला ठाऊक नाही. मी फक्त मोजतो.

या वर्षी यात्रेला मी उभा राहिलो, दोन कार्डं घेऊन. दारूखान्याचा परवाना आता त्यांच्या पुतण्याच्या नावावर आहे. छबिना संपला आणि मी भोकं मोजली. चढले चौसष्ट, फुटले त्रेसष्ट. यात्रा कमिटीतले एक जण म्हणाले, जाऊ द्या हो, डोळा लवला असेल तुमचा. माझं डोकं सणकलं. म्हटलं, डोळा लवला असेल तर पहाटे लवकर उठून तुम्हीच रान बघा.

पहाटे मी आणि रहीमभाई बादल्या घेऊन निघालो. ओढ्याच्या अंगाचं रान, यंदाही कांदाच. टेम्पो आला, बायका उतरल्या. गयाबाई आता पार वाकली आहे, पण मुकादम तीच. तिनं आमच्या बादल्या पाहिल्या आणि काही न विचारता बायकांना बांधाआड ओळीनं बसवलं. चूल मांडू दिली नाही.

औट सापडायला दोन तास लागले. ओढ्याकाठच्या बाभळीखाली, पाचोळ्यात होता. पाणी मारलं, थांबलो, उचलला, बादलीत सोडला, पोतं टाकलं. रहीमभाई खाली बसून कंबर चोळायला लागले. ऊन चढलं होतं. मी बादलीकडे बघत तसाच उभा राहिलो.

बांधाआडून गयाबाईचा आवाज आला.

"मास्तर, घंटी द्या की. ऊन व्हाया लागलंय."

मी मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं.

मग खिशातला चिमटा काढला आणि बादलीच्या कडेवर दोनदा वाजवला. बायका उठल्या आणि वाफ्यात उतरल्या.